आमदारकीचं तिकीट की न्यायाधीशाची खुर्ची: तालुक्याच्या वकिलाला उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय 34, तालुक्याच्या कोर्टात नऊ वर्षं वकिली, त्यातली मागची चार वर्षं नगरसेवकही, आणि आता पक्षाकडून विधानसभेसाठी विचारणा. मनात मात्र लॉ कॉलेजपासून न्यायाधीश व्हायचं आहे. तुम्ही विचारलंय, "एकदा आमदारकी लढवली की न्यायाधीशपदाचं दार कायमचं बंद होतं का? आणि दोन्ही करायचं असेल तर आधी काय करू?"

कायद्यानं दार बंद होत नाही, एवढं उत्तर पाच मिनिटांत देता येतं. पण तुम्हाला सतावतंय ते वेगळं आहे असं मला वाटतं. ज्या वकिलानं भर चौकात, माईक हातात घेऊन एक बाजू घेतली, तो उद्या खुर्चीवर बसला तर दुसऱ्या बाजूचा माणूस त्याच्यासमोर निर्धास्त उभा राहील का? आणि त्या वकिलाला स्वतःला तेवढं बदलता येईल का?

मी 31 वर्षं वकिली करतोय. पहिली बारा वर्षं जिल्हा कोर्टात गेली, नंतर औरंगाबाद खंडपीठात. मधली पाच वर्षं वकिली चालू ठेवून जिल्हा परिषदेचा सदस्य होतो. न्यायाधीश मी झालो नाही. एकदा न्यायाधीशपदासाठी संमती देता का अशी विचारणा झाली तेव्हा घरच्या अडचणीमुळे नाही म्हणावं लागलं. त्यामुळे खुर्चीवरचा अनुभव मी सांगू शकत नाही. खुर्चीसमोरचा आणि सभागृहातला सांगू शकतो.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. तुमच्यासमोर तीन वाटा आहेत आणि तिन्हींवर राजकारणाचा परिणाम वेगवेगळा होतो. पहिली वाट लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. तुमची ती कधीच झाली आहे, पण वयामुळे ही वाट आता तुमच्यासाठी अरुंद आहे. दुसरी वाट थेट जिल्हा न्यायाधीशाची, राज्यघटनेच्या अनुच्छेद 233 प्रमाणे. इथे सात वर्षांची वकिली लागते, शिवाय ऑक्टोबर 2025 च्या घटनापीठाच्या निकालानंतर किमान वय 35. म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही या परीक्षेला बसू शकता. तिसरी वाट हायकोर्टाची. अनुच्छेद 217 प्रमाणे किमान दहा वर्षं हायकोर्टाचा वकील असायला हवं. तिथे परीक्षा नसते. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नाव सुचवतात, मग राज्य सरकारचं मत, आयबीचा म्हणजे केंद्राच्या गुप्तवार्ता विभागाचा अहवाल, केंद्राचा विधी विभाग आणि सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ न्यायमूर्तींची निवड समिती, असा तो कागद फिरतो.

यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जिल्हा न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर अर्ज करताना तुम्ही चालू वकील असायला हवं आणि वकिली सलग हवी. आमदार झाल्यावर वकिली करता येते. खासदार-आमदारांना वकिलीबंदी करावी ही मागणी सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर 2018 मध्ये फेटाळली, कारण आमदार हा कुणाचा पूर्णवेळ पगारी नोकर नाही. पण करता येते आणि होते यात फरक आहे. अधिवेशनं, मतदारसंघातली लग्नं, दहावे, तेरावे, रस्त्यांची उद्घाटनं यात पाच वर्षं गेली की वकीलपत्र तुमच्या नावावर असतं आणि तारखेला ज्युनिअर उभा असतो. मंत्री झालात तर वकिलीची सनद स्थगितच ठेवावी लागते. मग तुम्ही पुन्हा कोर्टात याल तेव्हा तुमच्या सलग वकिलीबद्दल प्रश्न विचारला जाईल, आणि त्याचं उत्तर रोजनाम्यातच, म्हणजे कोर्टाच्या तारखांच्या नोंदीतच, शोधावं लागेल.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. वकील, मग कायदेमंडळ, मग न्यायासन, ही वाट आपल्याकडे नवी नाही. काशिनाथ त्र्यंबक तेलंग 1872 मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले, 1884 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर गेले, 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत होते आणि 1889 मध्ये त्याच हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 1893 मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं वय होतं अवघं 43. त्यांच्या जागी रानडे आले. पण तो काळ नेमणुकीचा होता, निवडणुकीचा नव्हता. कायदेमंडळावर जाण्यासाठी तेलंगांना कुणाच्या विरोधात प्रचार करावा लागला नाही. म्हणून तुमच्या अडचणीला त्यांचं उदाहरण पुरं पडत नाही. त्यासाठी केरळमधल्या तलश्शेरीकडे बघावं लागतं.

व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी 1938 मध्ये तलश्शेरीत वडिलांच्या हाताखाली वकिली सुरू केली. शेतकरी, कामगार, डावे कार्यकर्ते हे त्यांचे अशील. 1948 मध्ये कम्युनिस्टांना मदत केल्याच्या आरोपावरून महिनाभर तुरुंगातही राहिले. 1952 मध्ये मद्रास विधानसभेवर अपक्ष निवडून गेले. 1957 मध्ये केरळ विधानसभेत गेले आणि मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात कायदा, गृह, तुरुंग, पाटबंधारे अशी खाती सांभाळली. जुलै 1959 मध्ये ते सरकार बरखास्त झालं आणि ते परत आपल्या वकिलीकडे वळले. 1965 ची निवडणूक हरले. 1968 मध्ये केरळ हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, मध्ये विधी आयोगावर काम केलं आणि जुलै 1973 मध्ये सुप्रीम कोर्टात आले.

आज आपण त्यांचं नाव आदरानं घेतो, पण तेव्हा त्यांच्या नेमणुकीला मुंबईच्या बारमधून, म्हणजे वकीलवर्गातून, विरोध झाला होता. विरोध करणाऱ्यांत नामवंत वकील सोली सोराबजी होते आणि आपली ती चूक होती हे त्यांनी पुढे स्वतःच मोकळेपणानं सांगितलं. हा विरोध मला अयोग्य वाटत नाही. डाव्या सरकारात मंत्री राहिलेला माणूस सर्वोच्च न्यायालयात बसणार असेल तर बारनं शंका घेणं हे बारचं कामच आहे. ती शंका खोटी ठरवणं हे त्या माणसाचं काम, आणि ते फक्त निकालपत्रांतून करता येतं.

24 जून 1975 चा दिवस घ्या. बारा दिवसांपूर्वी अलाहाबाद हायकोर्टानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली होती. सुप्रीम कोर्टाला सुट्टी, सुट्टीतले न्यायमूर्ती कृष्ण अय्यर. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी फोन करून भेटीची वेळ मागितली. कामाचं स्वरूप कळल्यावर त्यांनी सांगितलं की भेटायची गरज नाही, अपील रजिस्ट्रीत दाखल करा. हे गोखले आपलेच, मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती. खुर्ची सोडून वकिलीत आणि तिथून राजकारणात गेलेले. म्हणजे फोनच्या एका टोकाला मंत्रिपदावरून न्यायासनावर आलेला माणूस आणि दुसऱ्या टोकाला न्यायासनावरून मंत्रिपदावर गेलेला. हा प्रसंग मी ज्युनिअर मुलांना नेहमी सांगतो. 23 जूनला इंदिरा गांधींच्या बाजूनं नानी पालखीवाला आणि विरुद्ध बाजूनं शांतिभूषण असा युक्तिवाद झाला. 24 तारखेला आदेश आला. पूर्ण स्थगिती नाही. पंतप्रधान राहता येईल, सभागृहात बसता-बोलता येईल, पण खासदार म्हणून मतदान करता येणार नाही. दोन्ही बाजू नाराज झाल्या. 25 जूनच्या रात्री आणीबाणी आली. त्या आदेशावर आजही वाद घालता येतो, मीही घालतो. पण तो सत्तेला घाबरून दिलेला आदेश होता असं मला वाचून कधी वाटलं नाही.

राजकारणानं त्यांना न्यायाधीश म्हणून काय दिलं, ते मला एका छोट्या केसमध्ये सापडलं. माझ्या वकिलीच्या चौथ्या-पाचव्या वर्षीची गोष्ट. परप्रांतातून बांधकामावर आलेला एक गवंडी मारामारीच्या केसमध्ये आत होता. जामीन झाला होता, पण जामीनदार कुठून आणायचा? कोर्टाला हवा स्थानिक माणूस, त्याचा सात-बारा, तलाठ्याची सही, तहसीलमधून ऐपतीचा दाखला. याची बायको कोर्टाच्या व्हरांड्यात पोर मांडीवर घेऊन बसलेली, गावाकडून आलेला भाऊ शेजारी. भावाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत त्याच्या गावच्या जमिनीचे कागद होते, घडी पडून फाटायला आलेले. "परराज्यातला जामीनदार चालत नाही," असं आम्हाला सांगण्यात आलं. माझ्या सीनिअरांनी कपाटातून 1978 चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल काढून दिला. मोतीरामही गवंडीच. मॅजिस्ट्रेटनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाचा जामीन नाकारला, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली. कृष्ण अय्यर यांनी ते खोडून काढलं आणि एक हजाराच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. मी तो निकाल वाचून दाखवला. संध्याकाळी आमचा गवंडी बाहेर आला.

तुरुंग खातं सांभाळलेल्या, तलश्शेरीत गरिबांच्या केसेस चालवलेल्या माणसाच्या हातूनच असा निकाल येतो, असं मला तेव्हापासून वाटतं. कायद्याचं पुस्तक सगळ्यांकडे असतं. दहा हजार रुपये म्हणजे गवंड्याला किती, हे त्यांना माहीत होतं. त्याच वर्षी होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात त्यांनी तुरुंगातल्या आरोपीला निकालाची प्रत वेळेवर फुकट मिळणं आणि अपिलासाठी मोफत वकील मिळणं हा हक्क मांडला. आज तुमच्या तालुक्यात विधी सेवा समितीचं जे कार्यालय आहे, त्यामागे हा विचार आहे.

सभागृहाचा उपयोग मला स्वतःलाही झाला, फार लहान प्रमाणात. आमच्या जिल्हा परिषदेच्या मालकीचे गाळे होते. भाडं थकलं तर काय करायचं याचा ठराव सभेपुढे आला. मसुद्यात होतं, "तीन महिन्यांचं भाडे थकल्यास गाळा काढून घेण्यात येईल." मी म्हटलं, "काढून घेता येईल" असं करा. सभेला वाटलं, वकील उगाच शब्दांचा कीस पाडतोय. ठराव मूळ शब्दांत मंजूर झाला. तीन-चार वर्षांनी एक शिंपी माझ्याकडे आला, बायकोच्या आजारपणात भाडं राहिलेलं, नंतर सगळं भरलेलं, तरी गाळा गेला. अधिकारी प्रामाणिकपणे म्हणाले, "साहेब, मला अधिकारच नाही सोडायचा, ठरावात 'घेण्यात येईल' लिहिलंय." ज्या सभेत मी बसलो होतो तिचाच ठराव कोर्टात माझ्यासमोर होता. त्या दिवसापासून कुठलंही कलम वाचताना ते लिहिणारा माणूस, त्या दिवशीची सभा आणि तिची घाई माझ्या डोळ्यांसमोर येते. हे शिक्षण कुठल्याही लॉ कॉलेजात मिळालं नसतं. म्हणून राजकारणानं वकील बिघडतोच, असं मी म्हणणार नाही.

मग बिघडतं कुठे? माझ्या मते खुर्चीवर बसल्यानंतर पुढच्या जागेवर डोळा असला की. दोन माणसं शेजारी ठेवून बघा. के. एस. हेगडे हे काँग्रेसचे राज्यसभा सदस्य, 1952 ते 1957. तिथून थेट मैसूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती, 1966 मध्ये दिल्ली हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती, 1967 मध्ये सुप्रीम कोर्ट. काँग्रेसचा माणूस म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणं सोपं होतं. पण एप्रिल 1973 मध्ये, राज्यघटनेचा गाभा संसदेला बदलता येत नाही असं ठरवणाऱ्या केशवानंद भारती खटल्यात, सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमतात ते सरकारच्या विरोधात उभे राहिले. लगेच त्यांना आणि शेलट, ग्रोव्हर या ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. रे यांना सरन्यायाधीश केलं. हेगडे यांनी राजीनामा दिला. 1977 मध्ये ते लोकसभेवर निवडून आले आणि पुढे सभापती झाले. त्यांचं राजकारणात परतणं मला पूर्णपणे रुचत नाही, पण किंमत मोजून बाहेर पडलेला माणूस परतला होता.

दुसरे बहारुल इस्लाम, आसामचे. तेही काँग्रेसचे राज्यसभा सदस्य. 1972 मध्ये राजीनामा देऊन गुवाहाटीला हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. 1980 मध्ये तिथून निवृत्त झाले आणि त्याच वर्षाच्या शेवटी, निवृत्तीनंतर, सुप्रीम कोर्टात नेमले गेले. डिसेंबर 1982 मध्ये बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा खटला मागे घेण्याला मान्यता देणाऱ्या निकालात ते होते. जानेवारी 1983 मध्ये, निवृत्तीला काही आठवडे उरले असताना, राजीनामा दिला आणि त्याच वर्षी पुन्हा काँग्रेसकडून राज्यसभेत गेले. त्या निकालातला तर्क कायद्याच्या दृष्टीनं कसा होता यावर स्वतंत्र चर्चा होऊ शकते. पण त्या क्रमानंतर तो तर्क शांतपणे वाचायला कुणी तयार झालं नाही, होणारही नाही. दोघांची सुरुवात एकाच सभागृहातली, एकाच पक्षातली. तरी नावं वेगळ्या कारणांनी लक्षात राहिली.

आजच्या घडीला कोर्ट याकडे कसं बघतं? फेब्रुवारी 2023 मध्ये मद्रास हायकोर्टातल्या एका नेमणुकीला राजकीय पार्श्वभूमीवरून सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं. ते फेटाळताना कोर्टानं सांगितलं की पात्रता तपासता येते, योग्यता हा कॉलेजियमचा विषय आहे, आणि राजकीय पार्श्वभूमी ही स्वतःहून अपात्रता नाही. त्या पीठावर न्या. भूषण गवई होते. त्यांचे वडील रा. सू. गवई आपल्या विधान परिषदेचे सभापती राहिलेले. सुनावणीत न्या. गवई यांनी स्वतःच्या राजकीय पार्श्वभूमीचाही उल्लेख केला आणि ती न्यायदानाच्या आड आली नाही असं सांगितलं. अमरावतीसारख्या शहरात, राजकारणाच्या घरात वाढूनही देशाच्या सरन्यायाधीशपदापर्यंत जाता येतं, हे आपण सगळ्यांनी 2025 मध्ये पाहिलं. तरी लक्षात घ्या, घरात राजकारण असणं आणि स्वतः तिकिटावर उभं राहणं यात अंतर आहे, आणि आयबीचा माणूस ते अंतर मोजतो.

म्हणजे आतापर्यंतचं थोडक्यात असं: कायद्याची आडकाठी नाही, सलग वकिलीची अडचण खरी आहे, आणि हायकोर्टाच्या वाटेवर तुमच्या भाषणांपेक्षा तुमचं कोर्टातलं काम जास्त तोलून बघितलं जातं, पण भाषणंही बघितली जातात.

आता तुम्ही काय करावं. तुमची परिस्थिती मला पूर्ण माहीत नाही. घरचा खर्च कशावर चालतो, जागा राखीव आहे का, पक्षात तुमचं खरं वजन किती, यावर बरंच अवलंबून आहे. तरी तुमच्या जागी असतो तर मी एकाच गोष्टीवरून ठरवलं असतं. जिल्हा न्यायाधीश व्हायचं असेल तर आत्ता तिकीट घेऊ नका. नगरसेवकपदाची मुदत संपवा, पक्षाचं सदस्यत्व सोडा, ते लेखी सोडा आणि पोच जपून ठेवा, आणि पुढची दोन वर्षं फक्त ट्रायल कोर्ट आणि अभ्यास. निवडणूक लढवून, पाच वर्षं घालवून, चाळिशीत या परीक्षेला बसणं फार थोड्यांना जमतं. उलट डोळ्यासमोर हायकोर्ट असेल तर एखादी टर्म आमदारकी तुम्हाला मारक ठरेलच असं नाही. मात्र त्यानंतर किमान सात-आठ वर्षं तुमचं नाव फक्त केसेसमुळे लोकांच्या तोंडी यायला हवं, आणि आमदार असतानाही आठवड्यातले दोन दिवस हायकोर्टात स्वतः उभं राहावं लागेल. सरकारी वकिलाचं पद आणि आमदारकी मात्र एकत्र करू नका, तिथे लाभाच्या पदाचा, म्हणजे आमदारानं सरकारी लाभाचं पद घ्यावं का याचा, प्रश्न येतो.

एक गोष्ट आजपासून पाळा. तुमच्या नगरपालिकेची केस, तिच्या बाजूनं किंवा विरुद्ध, घेऊ नका, कितीही जवळच्या माणसानं आग्रह केला तरी. आणि विरोधी पक्षाचा कार्यकर्ता अशील म्हणून आला तर त्याला परत पाठवू नका. माझ्या जिल्हा परिषदेच्या काळात ज्यानं माझ्याविरुद्ध निवडणूक लढवली, त्याच्या भावाचा वाटणीचा दावा मी चालवला. पहिल्या दिवशी तो भाऊ ऑफिसात आला तेव्हा चहा घेईना, खुर्चीच्या कडेवर बसला होता. चौथ्या-पाचव्या तारखेला तो मागे टेकून बसला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, कागद तुमच्याकडेच ठेवा." तुमच्याकडे असे किती अशील आहेत ते पक्षाला उत्तर देण्याआधी मोजा. एकही नसेल तर आधी वकिली वाढवा, तिकीट पुढच्या वेळीही मिळेल.